धाप लागल्यावर कोणता पंप: साल्ब्युटामॉल की बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल?

दमा सौम्य, महिन्यातून दोन-तीनदाच धाप लागते. मग नुसता साल्ब्युटामॉल पुरे का?

आराम पडण्याच्या वेगात फारसा फरक नाही. दोन्ही काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करतात. साल्ब्युटामॉल 4 ते 6 तास टिकतो, बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या जोडऔषधातला फॉर्मोटेरॉल सुमारे 12.

खरा फरक सुजेचा. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतो, आतली सूज तशीच राहते. बरं वाटतं म्हणून माणूस गाफील राहतो आणि तिथेच घात होतो. वर्षाला 200 मात्रांचे 3 पंप संपत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढला असं समजावं. जोडऔषधात प्रत्येक मात्रेबरोबर सूज उतरवणारं बुडेसोनाइडही जातं. 2018 च्या सिग्मा-1 चाचणीत गरजेपुरतं जोडऔषध घेणाऱ्यांना, नुसतं टर्ब्युटालिन (साल्ब्युटामॉलच्याच जातीचं औषध) घेणाऱ्यांपेक्षा तीव्र झटके 64 टक्के कमी आले. 2019 पासून ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेची मार्गदर्शिका प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असंच सांगते.

ओढण्याची पद्धत मात्र पंपाच्या प्रकारानुसार उलटी. फवाऱ्याचा पंप हलवून सावकाश ओढायचा; पावडरचा जोरात आणि खोल, नाहीतर पावडर घशातच चिकटते. दोन्हींनंतर 10 सेकंद श्वास रोखावा.

खर्चात साल्ब्युटामॉल स्वस्त.

12 वर्षांपुढच्या दमेकऱ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जोडऔषधच बरं. लहान मुलांना, किंवा सूज उतरवणारा पंप रोज नेमाने घेणाऱ्यांना, सोबतीला साल्ब्युटामॉल चालतो. सॅल्मेटेरॉलचा पंप मात्र झटक्यात वापरू नये. त्याचा असर उशिरा होतो.