जादा पाच किलो: तांदूळ, पैसे की किट?

रेशनवरचे जादा पाच किलो कोणत्या रूपात मिळावेत, यावर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. ग्रामसभेत हा विषय निघाला, तर हात कशासाठी वर करायचा हे ठरवताना हे वाचा.

आधी पार्श्वभूमी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. तो केंद्राचा वाटा, आणि त्याला इथे हात लागत नाही. वाद आहे तो कर्नाटक सरकारच्या ‘अन्नभाग्य’ योजनेतल्या वरच्या ५ किलोंचा. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना तांदूळ विकणं थांबवलं, तेव्हा राज्याने किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात टाकायला सुरुवात केली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून पैशांच्या जागी पुन्हा तांदूळ आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने या जादा तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर, मीठ असं किट द्यायचं ठरवलं.

पैशांची बाजू कमकुवत नाही. खानापूर तालुक्यातली कितीतरी मुलं गोव्यात कामाला असतात. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे त्यांना केंद्राचे ५ किलो तिकडच्या दुकानातून उचलता येतात, पण राज्याचे जादा ५ किलो कर्नाटकाची हद्द ओलांडत नाहीत. पैसे मात्र पोचतात. शिवाय दुकानदार मापात मारतो, आज मशीन बंद आहे म्हणून परत पाठवतो, हा जाच राहत नाही.

पण १७० रुपये हे १७० च राहतात. पाच माणसांच्या घराला ८५० रुपये आले, आणि बाजारात तांदूळ ५० रुपये किलो झाला, तर हातात २५ ऐवजी १७ किलो पडतो. राहिलेल्या ८ किलोंची भर कोण घालणार? उलट २०२५ मध्ये सरकारला हाच तांदूळ साडेबावीस रुपये किलोने मिळाला. वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन बाजूला ठेवलं तर २५ किलोला ५६२ रुपये ५० पैसे. घाऊक खरेदीतला हा फायदा एकट्या घराला बाजारात कधीच मिळणार नाही. मला तरी हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. आणि कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला वाडीवर राहणाऱ्या म्हातारीचा विचार करा. खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. का अडकले, हे विचारायला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं जातं. त्यात बँकेचा मेसेज मराठीत नसला तर तो वाचून घ्यायलाही दुसरं कुणीतरी लागतं.

मग तांदूळच बरा का? सगळा तांदूळ नको. माणशी १० किलो म्हणजे पाच जणांच्या घरात ५० किलो. ज्या घरात दोन वेळा भाकरी होते, तिथे एवढा तांदूळ संपत नाही. उरलेला दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल भावात जातो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल खाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ताटात जे बसत नाही ते विकलं जाणारच.

किट याच अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलं. डाळ मिळणं चांगलंच, कारण महागाईत पहिली काटछाट डाळीवर होते. साखरेचं मला विशेष वाटत नाही. बंद पुड्यातली डाळ कसल्या प्रतीची निघते यावर मात्र सगळं अवलंबून आहे.

यात जोंधळ्याचा विचार फार थोडे लोक करतात. उत्तर कर्नाटकात काही काळ रेशनवर तांदळासोबत जोंधळा दिलाही होता. २०२३-२४ मध्ये संकरित जोंधळ्याचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, म्हणजे किलोला ३१ रुपये ८० पैसे. त्याच वर्षी सरकार किलोमागे ३४ रुपये रोख देत होतं! त्या पैशांत हमीभावाने जोंधळा घेता आला असता, आणि तोही सौंदत्ती, रामदुर्ग, अथणीच्या शेतकऱ्याकडून. २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ आहे, म्हणजे स्वस्त तांदळापेक्षा जोंधळा बराच महाग पडतो आणि फार दिवस ठेवला तर कीड लागते. तरीही माणशी दोन किलो जोंधळा आणि बाकीची डाळ, हीच मागणी मी करेन.

तुमच्या घरातली कमावती माणसं गोव्यात किंवा कोल्हापूर-पुण्यात असतील, तर तुमचं मत रोख रकमेकडे जाईल, आणि ते योग्यच आहे. अशा घरांना पैशांचा पर्याय खुला ठेवा, असं ठरावात वेगळं लिहून घ्या. घरात खाणारी तोंडं जास्त आणि बँक लांब असेल, तर धान्यच मागा. आणि काहीही ठरलं तरी दुकानासमोरच्या फलकावर धान्याचा साठा, प्रत्येकाचा वाटा आणि तक्रारीचा नंबर कन्नडबरोबर मराठीतही हवा, एवढी एक ओळ ठरावात घालायला विसरू नका.