लिस्बन पायी: अल्फामा की बेलें?

भाचीला लिस्बनमध्ये एकच मोकळी सकाळ मिळतेय. गाईड नको, स्वतःच फिरायचंय. शहरातल्या दोन वस्त्या, अल्फामा की बेलें, यावर ती अडलीय.

खर्चात अल्फामा स्वस्त. गल्ल्या फुकट, सांता लुझियाचा सज्जा, म्हणजे वरून शहर पाहायची जागा, तीही फुकट. तिथल्या निळ्या-पांढऱ्या फरशीचित्रात भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक दिसतो. १७५५ च्या त्या भूकंपातून ही वस्ती बरीचशी वाचली, म्हणून अरबी काळातल्या गल्ल्यांची गुंतागुंत अजून पायांना जाणवते. नावही मूळचं अरबीच. इथे नकाशा खिशात ठेवून खुशाल वाट चुकावी. पण चढ, पायऱ्या आणि गुळगुळीत दगड आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा.

बेलें नदीकाठी, सपाट, ट्रामने गाठायचं. जेरोनिमुश मठाला तिकीट आणि रांग दोन्ही, सोमवारी बंद. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याची कबर आज इथल्या चर्चमध्ये आहे. गोव्यात राहून गेलेला कवी कामोंइश याचंही स्मारक समोरच. हे पाहताना आपल्या किनाऱ्याचा इतिहास अंगावर येतो.

वयस्कर माणसं सोबत असतील किंवा गोव्याचा धागा शोधायचा असेल तर बेलें. भाची एकटी आहे, पाय धड आहेत. तिला मी अल्फामाच सांगितलं.