कुद्रेमुखचा खोटा परवाना आणि आमचे ४३,२०० रुपये

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. आम्ही नऊ जण कोल्हापुरातून कर्नाटकातल्या कुद्रेमुख शिखराच्या ट्रेकला निघालो, वनखात्याच्या चौकीपर्यंत पोचलो आणि तिथूनच माघारी फिरलो. आमच्या हातातला परवाना खोटा निघाला. ही सहल मी ठरवली होती, सगळ्यांकडून पैसे मी गोळा केले होते आणि माझ्याच फोनवरून ते गेले. म्हणून कुठे काय चुकलं ते मीच सांगायला हवं. सध्या कर्नाटकातल्या कॉफीच्या डोंगरांकडे आपल्याकडची पुष्कळ माणसं जातात आणि त्यांच्यावर टपून बसलेले लोकही तितकेच आहेत.

आमच्यात दोन घरची माणसं, नवऱ्याचे दोन मित्र आणि माझी एकसष्ट वर्षांची मावशी. मावशीला किती वर्षांपासून कॉफीचं झाड बघायचं होतं. कुद्रेमुखचं शिखर १,८९४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, आणि चाल जाऊन येऊन वीसेक किलोमीटर. हे कळल्यावर तिनं दोन महिने दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढून सराव केला. गुडघ्याला पट्टी बांधून चढायची.

आपल्याकडे डोंगरावर जायचं म्हणजे काय, गाडी काढायची, पायथ्याच्या गावात पोहे-चहा घ्यायचा, वाट विचारायची आणि चालू लागायचं. फार तर कुठे वीस-पन्नास रुपयांची पावती फाडतात. परवाना, प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राचा नंबर, दिवसाला ठरावीकच माणसं, याची आपल्याला सवय नाही. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात आहे. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर एकाच वेळी हजारो लोक चढले आणि त्यानंतर कर्नाटक सरकारनं आगाऊ ऑनलाइन नोंदणी नसलेले ट्रेक बंद केले. आता वनखात्याच्या संकेतस्थळावर तारीख निवडून, नावं घालून, पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. हे मला वाचून माहीत होतं. मी संकेतस्थळ उघडून बघितलंही होतं. आम्हाला हव्या असलेल्या शनिवारी जागा शिल्लक नव्हत्या.

नेमकी तिथेच मी सापडले. इन्स्टाग्रामवर एका आयोजकाची जाहिरात होती: कुद्रेमुख, कॉफीच्या मळ्यात मुक्काम, ‘लपलेला धबधबा’, जेवणखाण, माणशी ४,८०० रुपये. मी विचारलं, शनिवार तर भरलाय, तुम्हाला परवाना कसा मिळणार? तो म्हणाला, “मॅडम, आमचा कोटा असतो. साइटवर दिसत नाही.” मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. रजा टाकलेल्या होत्या, गाडी ठरली होती. निम्मे पैसे, २१,६०० रुपये, तीन आठवडे आधी दिले. त्यानं नावं आणि सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले, तेही पाठवले. निघायच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता परवान्याची पीडीएफ आली आणि खाली निरोप: उरलेले पैसे सातपर्यंत भरा, नाहीतर खोल्या दुसऱ्यांना जातील. माणसं दारात बॅगा घेऊन उभी. मी उरलेले २१,६०० पाठवून दिले. खातं कुठल्याही संस्थेच्या नावावर नव्हतं, एका माणसाच्या नावावर होतं. तेही स्क्रीनवर दिसत होतं, पण घाईत मी थांबले नाही.

रात्रभर प्रवास. शिमोगा, शृंगेरी मागे टाकून पहाटे कळस या गावी पोचलो. तिथून बाळेगलला एक विशीतला मुलगा आमचा ‘लीडर’ म्हणून आला, आणि जीपनं खडखडत पायथ्याच्या मुळ्ळोडीकडे निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना कॉफी, वर सिल्व्हर ओकची सावली, झाडांवर चढवलेल्या मिरीच्या वेली. फळं पिकून लाल झालेली, तोडणी सुरू होती. मावशी जीपच्या गजाला धरून बघत होती, बोलत नव्हती.

चौकीवर गार्डनं कागद घेतला. आधी आमच्याकडे, मग कागदाकडे बघितलं आणि नंबर रजिस्टरशी ताडला. माझ्या जाऊबाई निपाणीच्या, त्यांना कन्नड चांगलं येतं, म्हणून बोलणं सगळं त्यांनी केलं. परवान्यावरचा नंबर खरा होता, पण तो आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या दुसऱ्याच नऊ जणांचा. त्यांची नावं काढून आमची चिकटवली होती. गार्डनं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा मला दिसलं: आमच्या नावांची अक्षरं बाकीच्या कागदापेक्षा किंचित जाड होती आणि तारखेतला एक आकडा ओळीच्या खाली उतरला होता. रात्रभर तो कागद माझ्या फोनमध्ये होता. एकदा मोठा करून बघितला असता तर कळलं असतं.

गार्ड आमच्यावर ओरडला नाही. जाऊबाईंना एवढंच म्हणाला, की कोटा बिटा कुणालाच नसतो, आणि असे कागद घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही. सोडणं त्याच्या हातात नव्हतं. सोडा म्हणून आम्ही धरणंही धरलं नाही. ते बरोबर झालं नसतं.

आयोजकाला फोन लावला. तो लागला, हे मला अजून नवल वाटतं. तो म्हणाला, सर्व्हरचा घोळ झालाय, आमचा मुलगा तुम्हाला तितक्याच तोडीच्या दुसऱ्या वाटेनं धबधब्यावर नेईल, जीपचे आणि वाटाड्याचे माणशी ३०० त्याला द्या. एवढं झाल्यावरही आम्ही दिले. २,७०० रुपये. इतक्या लांब आलोय तर निदान धबधबा तरी, असं सगळ्यांचंच मत पडलं. बाबाबुडनगिरीकडे झरी धबधब्याला जीप कॉफीच्या मळ्यातूनच जातात हे ऐकून होतो, त्यामुळे मळ्यातून वाट गेली तरी वावगं वाटलं नाही.

तो मुलगा आम्हाला एका मळ्याच्या फाटकाच्या शेजारून, कुंपणाच्या एका फटीतून आत घेऊन गेला. वाट म्हणण्यासारखं काही नव्हतंच. कॉफीच्या ओळींमधून वाकून चालायचं, फांद्या अंगावर घासत होत्या आणि पिकलेली फळं टपाटप गळत होती. पायाखाली ती चिरडत होती, हाताला चिकट गोड रस लागत होता. अर्ध्या तासात समोरून मळ्याचा रायटर, म्हणजे तिथला मुकादम, दोन कामगारांना घेऊन आला. आम्ही कुणाच्या तरी वर्षाच्या पिकात घुसलो होतो. लीडर पोरगा तोवर कधी पसार झाला ते कळलंही नाही.

रायटरचा राग अगदी रास्त होता. एक-एक फळ हातानं तोडतात हो ती. खाली पडलेली कशी गोळा करायची? जाऊबाईंनी सगळं सांगितलं, मी परवाना दाखवला. मावशी तोवर एका दगडावर बसली होती, हातात खाली पडलेली फळं, वेचून ओंजळीत धरलेली. ती तिनं त्याच्यापुढे केली. तो जरा वेळ गप्प राहिला, मग आम्हाला खळ्याकडे घेऊन गेला. तिथे बिया वाळत घातल्या होत्या आणि एक बाई लाकडी फावड्यानं त्या उलथत होती. गुळाची काळी कॉफी दिली. धबधब्याचं विचारलं तर म्हणाला, या मळ्यात पावसाळी ओढा आहे, धबधबा नाही.

जाहिरातीतला फोटो मी नंतर शोधला. तो हेब्बे धबधब्याचा. कळसपासून तो काही तासांच्या घाटरस्त्यावर, केम्मणगुंडीकडे भद्रा अभयारण्यात आहे आणि तिथेही वनखात्याच्या परवानगीनंच जाता येतं.

आयोजकाचा फोन दुपारपासून बंद. मळ्यातला मुक्कामही नव्हताच, त्या नावाचं घर आहे, पण त्यांच्याकडे आमची नोंद नव्हती. त्या दिवशी आम्ही होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीच्या देवळात प्रसादाच्या पंगतीला बसून जेवलो.

रेंज आल्याबरोबर भाच्यानं १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, तो सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो व्यवहाराच्या बारा आकडी नंबरचा. तो यूपीआयच्या तपशिलात असतो. मग पोर्टलवर तक्रार, स्क्रीनशॉट, पीडीएफ, सगळं जोडलं. तीन आठवड्यांपूर्वीचे पैसे केव्हाच पुढे गेले होते. आदल्या संध्याकाळच्यातले १४,३०० रुपये मात्र त्या खात्यात अडकवून ठेवता आले. ते अजून हातात आलेले नाहीत. आणखी एक दिवस वाया घालवला असता तर तेही गेले असते. आधारचे फोटो त्याच्याकडे राहिले, याची भीती वेगळीच. आम्ही सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं.

तिकडे जाणार असाल तर परवाना स्वतः काढा. जेवण, जीप, राहणं कुणाकडूनही घ्या, पण परवाना वनखात्याच्या संकेतस्थळावरून, तुमच्या फोनवर ओटीपी येईल असाच काढा. तारीख भरली असेल तर ती भरलीच आहे, दुसरी तारीख धरा. आयोजकाकडूनच घ्यायचा असेल तर पीडीएफ दोन दिवस आधी मागा आणि राहण्याच्या ठिकाणी स्वतः फोन करून आपलं नाव नोंदलंय का विचारा. आमचा जीपवाला मागाहून म्हणाला, “मला आदल्या दिवशी एक फोन केला असता तर मी चौकीवर विचारून सांगितलं असतं.” आणि कॉफीच्या मळ्यात कुणी कुंपणातून न्यायला लागला, तर तिथेच थांबा. ती वाट नसते, कुणाची तरी शेती असते.

घरी आल्यावर मी ज्याचे त्याचे पैसे परत केले. थोडे थोडे करून, तीन महिन्यांत. मावशीनं तिचे घेतले नाहीत. म्हणाली, “माझे पुढच्या परवान्याला ठेव. आणि या खेपेला नाव मी स्वतः भरणार, मला दाखव कुठे टाकायचं ते.”