राजवाड्याचे सात मजले आणि गिट

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तिघं भावंडं लुआन्टी या ठोकळ्यांच्या खेळासाठी इंदूरच्या राजवाड्याचा मॉड, म्हणजे खेळात घालायची भर, करतोय. (लुआन्टी म्हणजे आधीचं माइनटेस्ट. २०२४ मध्ये नाव बदललं.) मी इंदूरला, रामबागेत राहते, शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून टेक्श्चर, म्हणजे ठोकळ्यांवर चिकटणारी चित्रं, माझ्याकडे. आतेभाऊ बडोद्याला, लुआ या भाषेतला मॉडचा कोड त्याचा. मावसबहीण ग्वाल्हेरला, ती खेळात ठोकळे रचून मजले उभे करते.

पहिले चार महिने आम्ही झिप फायली एकमेकांना पाठवत होतो. दिवाळीच्या आठवड्यात मी वरच्या लाकडी मजल्यांची जाळी पाठवली. एक टेक्श्चर १६ बाय १६ चं, म्हणजे २५६ ठिपके, आणि राजवाड्यासमोर उभं राहून काढलेले फोटो बघत मी ते एकेक भरले होते. त्याच दिवशी बहिणीने जुन्या झिपमध्ये दरवाजा दुरुस्त करून पाठवला. भावाने तिची झिप माझ्या फायलींवर उलगडली आणि माझी जाळी गेली. चार रात्रींचं काम. त्या रात्री मला खरंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, आता गिट लावू या."

गिट म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ते फुकट आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की पूर्ण इतिहास तिघांच्याही कॉम्प्युटरवर असतो. नेट गेलं तरी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, होतं, नेट आलं की पुश करायचं, म्हणजे ती इतरांसाठी वर पाठवायची. कमिटचा संदेश मराठीत लिहिता येतो. आमच्या यादीत "तिसरा मजला, कमानीचा दगड उजळ केला" अशा ओळी आहेत आणि सहा महिन्यांनीही कोणी काय केलं ते कळतं.

दोघांनी एकाच फायलीत वेगवेगळ्या जागी काम केलं तर गिट ते आपणच जोडून घेतं. एकच ओळ दोघांनी बदलली तर थांबतं. एकदा देवळीतल्या दिव्याचा उजेड भावाने १० केला आणि बहिणीने १२ (लुआन्टीत जास्तीत जास्त १४). गिटने दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रांग. ती चिन्हं काढायला विसरलात तर खेळ मॉड उघडतच नाही, लुआची चूक दाखवतो. भावाने फोन केला, "ताई, दहा ठेवू की बारा?" देवळी आहे, दहा पुरे, मी म्हटलं. विषय संपला, आणि कोणाचंही काम गेलं नाही.

माझं मन जिंकलं ते बायसेक्टने, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटमध्ये शिरला ते शोधून देणाऱ्या गिटच्या आज्ञेने. फेब्रुवारीत जिन्याची एक पायरी चढताना खेळाडू खाली पडायला लागला. तोवर १२० च्या आसपास कमिट झालेले. बायसेक्टला एक चांगली आणि एक बिघडलेली आवृत्ती सांगितली की ते मधली काढून देतं, आपण खेळून बघायचं आणि चांगली की वाईट ते सांगायचं. सातव्या फेरीला दोषी कमिट सापडलं. जिन्याच्या ठोकळ्याची टक्कर-पेटी, म्हणजे खेळाडूला अडवणारा त्याचा आकार, कोणीतरी अर्धी केली होती. कोणी केली, ते मी इथे लिहीत नाही. पंधरा मिनिटांत दुरुस्त झालं.

आता उणिवा. मजल्यांच्या एमटीएस फायली (खेळात रचलेलं बांधकाम साठवणाऱ्या) मजकूर नाहीत, त्यामुळे दोघांनी एकच मजला बदलला तर गिट त्या जोडू शकत नाही, एकाची ठेवून दुसऱ्याची सोडावी लागते. आम्ही राजवाड्याच्या सात मजल्यांच्या सात फायली केल्या, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आज कोणता मजला कोणाकडे ते सकाळी फोनवर ठरतं. हे काम गिट करत नाही, माणसांनीच करायचं.

दुसरी गोष्ट मोठ्या फायलींची. मी जिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या थरांच्या फायली गिटमध्ये भरल्या आणि नंतर काढल्या, पण इतिहासात त्या राहिल्याच, नवीन प्रत उतरवायला आजही वेळ लागतो. मोठे आवाज, मॉडेल किंवा चित्रं असतील तर गिट एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवणारी गिटची जोड) पहिल्या दिवसापासून लावा. नुसती १६ बाय १६ ची टेक्श्चर असतील तर गरज नाही.

तिसरी, अक्षरांची. माझ्या विंडोजवर मी एका टेक्श्चरच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर मोठ्याचं (कॅपिटल) छोटं केलं, गिटला तो बदल दिसलाच नाही. भावाच्या लिनक्सवर मात्र ते टेक्श्चर सापडेना. अशा वेळी फाइल एक्सप्लोररमधून नाव न बदलता गिटच्या एमव्ही आज्ञेने बदलायचं. आम्ही तेव्हापासून सगळी नावं छोट्याच अक्षरांत ठेवतो.

शिकायला मला दोन रविवार लागले. कमिट, पुश, पुल (इतरांचे बदल उतरवणं), ब्रांच (कामाची वेगळी फांदी) एवढंच रोज लागतं, आणि खिडकीवालं सॉफ्टवेअर असेल तर आज्ञा पाठ करायची गरज नाही. लुआन्टीचा मॉड दोघांनी मिळून करत असाल तर पहिल्याच दिवशी गिट घ्या. माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या एमटीएससाठी.

पाचवा मजला आज माझ्याकडे आहे.