मुरघासाच्या नावाखाली पाणी विकलं, बंदिस्त गाई-वासरं पाळणाऱ्यांनी नक्की वाचा

आमच्या गाई दुधाच्या धंद्याच्या नाहीत, मांसासाठीच्या जातीच्या आहेत, वासरू आईजवळच असतं, आईचंच पिऊन वाढतं आणि दूध तुटल्यावर त्याचं वजन किती भरतं त्यावर आमचं सगळं गणित. चरायला सोडत नाही, वर्षभर बंदिस्त. हे आधी सांगतेय कारण फसवणूक नेमकी इथेच बसली. चरणारी गाय कमी पडलं तर अजून चार पावलं चालून पोट भरते, बंदिस्त गाईला तुम्ही गव्हाणीत जे टाकाल तेवढंच. त्यात आम्ही मोजून खायला घालतो, भरपेट नाही, म्हणजे आहारात थोडा जरी घोळ झाला तरी तो सरळ गाईच्या अंगावर दिसतो.

तर मक्याचा मुरघास, म्हणजे हिरवा मका कापून खड्ड्यात दाबून, हवा बंद करून आंबवलेला चारा, घ्यायचा ठरला. विकणाऱ्याने लॅबचा रिपोर्ट दाखवला, ड्राय मॅटर (पाणी सोडून उरणारा कोरडा भाग) 35 टक्के, प्रोटीन 8 टक्के, सगळं व्यवस्थित. पहिला ट्रक आला तो खरंच चांगला होता, आंबूस गोड वास, दाणा भरलेला. त्यावरच आहार बसवला, व्यालेल्या गाईला रोज 20 किलो मुरघास, सोबत भुसा आणि पेंड. 20 किलोत 35 टक्के म्हणजे 7 किलो कोरडा भाग, गाय जगते ती या 7 किलोवर, बाकीचं पाणीच असतं.

पुढचे ट्रक आले ते वेगळे. रंग जरा काळपट हिरवा, दाणा जवळजवळ नाहीच, आणि ढीग टाकला की खालून तपकिरी पाणी वहायला लागायचं. मी फोन केला तर म्हणाला, ताई मुरघास ओलाच असतो, ओला म्हणजे ताजा, जनावर आवडीने खातं. आणि खरंच खात होती हो, गव्हाण चाटून पुसून साफ! उपाशी जनावर काहीही खातं.

मग हळूहळू दिसायला लागलं. गाईंच्या शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले, मागच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. वासरं कासेला ढुशा मारत रहायची, एक सड सोडून दुसरा, परत पहिला, आणि तरी पोटं आत. पोट भरलेलं वासरू पिऊन झालं की आडवं होतं, आमची वासरं आईच्या मागे मागे फिरत गव्हाणीत तोंड घालत होती, लाकूड चघळत होती. त्याला परत फोन केला तर जंत असतील, जंताचं औषध पाजा. शेण तपासून घेतलं, जंतांचा त्रास नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आधी मुरघासाचं ड्राय मॅटर बघा. घरीच बघता येतं, म्हणून पद्धत सविस्तर देतेय. ढिगातून सात-आठ ठिकाणचा मूठ मूठ मुरघास घ्यायचा, फक्त वरवरचा नको, सगळा एकत्र कालवून त्यातला बरोबर 100 ग्रॅम ताटलीत पसरायचा, मायक्रोवेव्हमधे ठेवायचा, कोपऱ्यात एक कप पाणी ठेवायचं म्हणजे जळत नाही. आधी दोन-तीन मिनिटं, मग अर्धा-एक मिनिट असं करत प्रत्येक वेळी हलवायचा आणि वजन करायचं. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की थांबा. जितके ग्रॅम उरले तितके टक्के ड्राय मॅटर. काटा चांगला हवा, ग्रॅम दाखवणारा. आमचं आलं 24. विश्वास बसला नाही म्हणून परत केलं, दुसऱ्या ट्रकच्या मालाचं केलं, फरक फार नाही.

आता हिशोब बघा. 20 किलोत 7 किलो समजून आम्ही घालत होतो तिथे गाईच्या पोटात जात होता 4.8 किलो. रोज एका गाईमागे 2.2 किलो कोरडा चारा गायब, आणि हे कधी, तर व्याल्यानंतर, जेव्हा दूध वाढत असतं आणि गाईची गरज सगळ्यात जास्त असते. पैशाच्या बाजूने बघा, 10 टनाच्या ट्रकमधे साडेतीन टन कोरडा माल हवा तिथे 2.4 टन, म्हणजे 1.1 टन पाणी आम्ही चाऱ्याच्या भावाने विकत घेतलं, वर त्याचं भाडंही भरलं. नंतर त्याच्याच ड्रायव्हरकडून कळलं की मका दुधाळ दाण्यातच कापला होता आणि ट्रक भरायच्या आधी ढिगावर पाइपने पाणी मारायचे. आणि तो रिपोर्ट? दुसऱ्याच खड्ड्याचा, नमुना विक्रेत्याने स्वतः काढून पाठवलेला. पहिला ट्रक त्याच चांगल्या खड्ड्यातला, भरोसा बसावा म्हणून.

रिपोर्टमधली अजून एक गोष्ट. 8 टक्के प्रोटीन हे कोरड्या भागावरचं असतं, तसं लिहिणं चूक नाही, पण भाव लावला ओल्या वजनावर. 24 टक्क्यांच्या मालात त्या हिशोबाने 2 टक्के पण प्रोटीन बसत नाही. एवढ्या ओल्या मालाला आंबवणही नीट होत नाही, आमच्या शेवटच्या ढिगाला तर खवट, नाकात बसणारा वास होता आणि तो मात्र गाईंनीही टाकला.

भांडल्यावर त्याने जे केलं ते मला जास्त भयानक वाटतं. भरपाई म्हणून खुराकाची पोती फुकट पाठवली, वर लिहिलेलं प्रोटीन 40 टक्के, आत काय आहे ते कुठेच नाही. डॉक्टरांनी घालूच दिलं नाही, आधी तपासायला पाठवलं. त्यातलं बरंचसं प्रोटीन निघालं युरियाचं. लॅब नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणून प्रोटीन काढते, युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे कागदावर तो 287 टक्के प्रोटीन दिसतो. मोठ्या गाईला बेताने, हळूहळू सवय लावून आणि सोबत दाण्याचा आधार असेल तर युरिया चालतो. पण बारीक झालेल्या, उपाशी गाईला एकदम जास्त गेला तर अंग थरथरतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं, तास दोन तासात जनावर जाऊ शकतं. आणि लहान वासराचं पोट अजून तयारच नसतं, त्याला त्याचा काही उपयोग नाही. आमची वासरं आईच्या गव्हाणीत तोंड घालतात हे त्याने स्वतः येऊन पाहिलेलं होतं, तरी ही पोती पाठवली. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. गाईचा गाभणकाळ साधारण 283 दिवस, दरवर्षी वासरू हवं तर व्याल्यापासून 80-85 दिवसांत ती परत गाभण रहायला हवी. अंगात काही नसलेली गाय माजावरच येत नाही. आमच्या बऱ्याच गाई मागे पडल्या, म्हणजे पुढच्या वर्षीची वासरं उशिरा आणि लहान. आता दाणा वाढवलाय, वासरांना वेगळा कप्पा केलाय जिथे फक्त तीच शिरू शकतात, तिथे त्यांचा खुराक आणि चांगलं वाळलेलं गवत. वासरं सुधारतायत, गाईंना वेळ लागेल.

नवीन माणसाकडून माल घेताना आता भाव कोरड्या किलोवर ठरवतो. ट्रक रिकामा करायच्या आधी नमुना काढायचा, त्याच्या समोर, अर्धा आपण तपासायचा आणि अर्धा पिशवीत बांधून, दोघांची सही करून फ्रीजरमधे ठेवायचा. घाई असेल तर मूठभर घट्ट दाबून बघा, बोटांतून पाणी टपकलं तर मालाचं ड्राय मॅटर 25 टक्क्यांच्या खाली आहे असं समजा आणि ट्रक परत पाठवा. ज्याला सही नको असते तो आधीच काहीतरी कारण काढतो, एकाने काढलंही.

जुन्या विक्रेत्याने पैसे परत दिलेले नाहीत, फोनही उचलत नाही. आमच्याकडे दोन ट्रकचे नमुने होते म्हणून निदान तक्रार तरी करता आली, त्याआधीचा सगळा माल गाईंच्या पोटात गेला होता, त्याचं काहीच सिद्ध करता येत नाही. तुमच्याकडे असा माल पडला असेल तर आज संध्याकाळचा चारा टाकायच्या आधी पिशवीभर बाजूला काढून ठेवा.