जुन्या ॲम्बॅसडरसाठी इसुझुचा 'फुल सेट': घ्यावा का, आणि घेताना काय बघावं

भंगार बाजारात 'इसुझुचा फुल सेट आहे' असं कानावर आलं की भाव नंतर विचारावा, आधी 'फुल' म्हणजे काय काय ते विचारावं. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचं मायापुरी, या शब्दाचा अर्थ विकणाऱ्याच्या सोयीने बदलतो. कुणाच्या लेखी इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून फुल, तर कुणी कार्ब्युरेटर लावलेल्या नुसत्या इंजिनालाही फुलच म्हणतो. या परीक्षणाचा विषय तोच सेट आहे: १८१७ सीसीचं इसुझु पेट्रोल इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्स, मार्क टू ते नोव्हापर्यंतच्या ॲम्बॅसडरमध्ये बसवण्यासाठी.

हाच का, ते थोडक्यात. जुन्या गाडीतलं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन पुशरॉडचं. बोअर ७३ मिमी आणि स्ट्रोक जवळपास ८९, म्हणजे ओढ चांगली, पण हायवेला लागलं की धापा टाकतं. इसुझुचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२. कॅम वर हेडमध्ये, हेड ॲल्युमिनियमचं, टायमिंगला चेन. ताकद पन्नाशीच्या आसपासवरून पंचाहत्तर बीएचपीपर्यंत जाते. पण खरा फरक पडतो पाचव्या गिअरने. समजा मागच्या ॲक्सलचं (डिफरन्शियलचं) प्रमाण ४.५ आहे आणि टायर मूळचे ५.९०-१५. मग ताशी ८० किमीला थेट टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण २,९०० फेरे घेतं, पाचव्यात त्यातले चारेकशे सहज कमी होतात. गाडीत बसलेल्यांना एकमेकांशी बोलता येतं.

दुसरं कारण जास्त व्यवहाराचं. हिंदुस्थान मोटर्सने हेच इंजिन आधी कॉन्टेसात आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्बॅसडर १८०० आयएसझेडमध्ये स्वतः बसवलं. म्हणजे या बॉडीत ते मावतं का, हा प्रश्न कंपनीने सोडवून ठेवलाय. इंजिन आणि बॉक्स एकाच घरचे असल्याने मधे दोघांना जोडणारी ॲडॉप्टर प्लेट कापावी लागत नाही. मित्र मित्र मिळून करणाऱ्यांसाठी ही फार मोठी सूट आहे, कारण असल्या कामात पैसा आणि मैत्री दोन्ही सगळ्यात जास्त जातात ते त्या प्लेटपायी.

तर सेटमध्ये काय हवं? इंजिन, गिअरबॉक्स, बेल हाऊसिंग (दोघांच्या मधलं, क्लच झाकणारं कवच), फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग त्याच्या फोर्कसकट, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, स्टार्टर, अल्टरनेटर त्याच्या ब्रॅकेटसह, कार्ब्युरेटर, दोन्ही मॅनिफोल्ड, गिअरचा दांडा. इतकं तर कोणीही मोजेल. विसरलं जातं ते पुढचं: आयएसझेडचे इंजिन फाउंडेशनचे लोखंडी ब्रॅकेट, बॉक्सखालचा क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्याचा) पुढचा योक, म्हणजे बॉक्समध्ये शिरणारं तोंड, अर्थची जाड पट्टी आणि बेल हाऊसिंगच्या डॉवेल पिना. ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबर नसतील तर भाव पाडून मागायचा आणि तरीही शक्यतो सोडून द्यायचा. जुन्या बॉडीवर हे ब्रॅकेट नसतात, आणि ते अंदाजाने बनवण्यात वेल्डरकडे चार फेऱ्या ठरलेल्या. सेट कॉन्टेसाचा असेल तर सम्पचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) खोल भाग कुठे येतो आणि गिअरचा दांडा किती मागे निघतो, हे टेपने मोजून घ्या. ती गाडी वेगळी, तिचा पुढचा क्रॉसमेंबरही वेगळा.

जागेवर तपासणी करता येते, आणि विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजावं. स्टार्टर बेल हाऊसिंगला बसतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेलं इंजिनही बॅटरी लावून फिरवता येतं. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे जवळजवळ आहेत का ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मग टॅपेट कव्हर उघडा आणि क्रँकची पुली पान्याने मागेपुढे हलवा. पुली हलतेय आणि कॅमचा चक्र बराच वेळ गप्प असेल, तर चेन लांबली आहे. शेवटी फ्लायव्हील पकडून पुढेमागे ढकला. ठळक 'टक' जाणवलं तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. ॲल्युमिनियमचं हेड असल्याने एकदा तापलेलं इंजिन आहे का, हा संशय कायम ठेवायचा. पाण्याच्या तोंडाशी पांढरी बुरशीसारखी झीज दिसली की हेड उतरवून सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासणं आलंच.

आता काम. मूळ इंजिन बॉक्ससकट एकत्र बाहेर काढणं सोपं: बॉनेट, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सरचा पुढचा पाइप, स्टिअरिंग कॉलमवरच्या गिअरच्या सळया. एक टनाची चेन कप्पी, ती टांगायला खात्रीचा गर्डर, गाडीखाली जॅक नव्हे तर घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड. चार माणसं पुरतात: एक कप्पीवर, एक बॉक्सच्या शेपटाशी, एक गाडीखाली बघायला आणि चौथा फक्त 'थांब' म्हणायला. हा चौथा माणूस सगळ्यात उपयोगाचा.

डॉवेल पिनांवर जरा थांबू. बेल हाऊसिंग इंजिनला बोल्टांनी आवळलं जातं, पण ते मध्यावर बसतं डॉवेलमुळे. बोल्टाच्या भोकात ढिलाई ठेवलेलीच असते. भंगारात सेट उघडताना या दोन पिना पडतात आणि कुणी उचलत नाही. त्यांच्याविना बॉक्स लावला तरी बसतो, गिअर पडतात, गाडी चालते. मग काही आठवड्यांत क्लच सोडताना थरथर येते, इनपुट शाफ्टचं बेअरिंग किणकिणू लागतं, स्पिगॉट बुश (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणारा) एका बाजूने खाल्ला जातो आणि पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर तेल येतं. प्लेट बदलली की महिनाभर बरं, पुन्हा तेच. दोष प्लेटचा नसतोच. म्हणून बॉक्स चढवण्याआधी डायल गेज फ्लायव्हीलला बांधून बेल हाऊसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर सुई टेकवायची आणि क्रँक एक पूर्ण फेरा फिरवायचा. सुई एकूण ०.१२ मिमीच्या आत राहिली पाहिजे. पिना नसतील तर टर्नरकडून भोकाच्या नेमक्या मापाने घासून घ्या. खिळा कापून ठोकणारे आहेत, त्यांचं ऐकू नका.

स्पिगॉट बुश, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट आणि क्रँकचं मागचं सील, हे चार नग जुने कितीही चांगले दिसोत, नवेच टाका. नंतर यातला एक बदलायचा तर आख्खा बॉक्स उतरतो.

इंजिन आत उतरल्यावर लगेच ब्रॅकेट पक्के वेल्ड करू नका. आधी ठिपके मारा, गाडी घोड्यांवरून उतरवून चारही चाकांवर उभी करा, दोन जण आत बसवा आणि मग मापं घ्या. सम्प आणि स्टिअरिंग रॅक यांच्यात किमान १५ मिमी हवेत. फाउंडेशनचं रबर दबतं, इंजिन झटका देताना तिरपं होतं, आणि टेकलं की स्टिअरिंगमधून गुरगुर येते. इसुझुत कार्ब एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, तर बीएमसीत दोन्ही एकाच बाजूला असतात. त्यामुळे जी बाजू आजवर थंड होती तिथे आता गरम पाइप येतो. ब्रेकची नळी आणि वायरी तिथून हलवा, नाही जमलं तर मधे पत्रा लावा.

टनेल (फरशीतला मधला उंचवटा) कापावं लागतंच, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली फरशीवर येतो. आधी लहान भोक, मग दांडा सगळ्या गिअरमध्ये फिरवून खूण, मग कानस. एकदम मोठा चौकोन कापला की पावसाळ्यात पायाशी तळं.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते. मोजायचं गाडी चाकांवर असताना, योक बॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिमी बाहेर ओढून. पूर्ण आत गेलेला योक खड्ड्यात बॉक्सला आतून ठोसे मारतो. नळी कापून वेल्ड करणारा माणूस लेथवर करतो का ते बघा, आणि दोन्ही टोकांचे योक एका ओळीत आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. एका दाताने चुकले तरी बॅलन्सिंगने ती थरथर जात नाही. कोनाचा नियम असा: बॉक्सचा शेवट आणि मागच्या पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर, आणि प्रत्येक क्रॉस जॉइंटवर साधारण १ ते ३ अंश. मोबाइलच्या लेव्हलवरही हे मोजता येतं. चुकलं तर ६०-७० च्या वेगाला सीटखाली घुमघुम येते आणि लोक टायर बदलत बसतात. मागच्या कमानी आणि ॲक्सलमध्ये तिरकी पट्टी घालून किंवा बॉक्सचा क्रॉसमेंबर थोडा वरखाली करून हे सुटतं.

मागचं प्रमाण माहीत नसेल तर कव्हर उघडायची गरज नाही. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. उचललेलं चाक नेमके दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तोच आकडा.

वायरिंग फारसं नाही, पण एक गोष्ट हमखास राहते. इंजिन रबरावर बसतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. अर्थची जाड पट्टी लावली नाही तर स्टार्टरचा सगळा करंट वाट शोधतो आणि चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. स्टार्टर मारला आणि डॅशबोर्डमागून धूर आला, चोकची तार हाताला चटका देते, असं झालं तर वायरमनला बोलावण्याआधी ती पट्टी लावा. फार जुन्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आणि डायनॅमो असेल तर अल्टरनेटर लावताना बॅटरीची बाजू उलटवावी लागते. अँपिअर मीटरच्या तारा अदलाबदल करा, आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेला जुना रेडिओ असेल तर तो आधी काढा. ऑइल आणि तापमानाचे काटे त्यांच्या त्यांच्या सेंडरसोबतच वापरा. इसुझुचा सेंडर आणि बीएमसीचा काटा अशी जोडी खोटं बोलते.

रेडिएटर जुनाच चालतो, पण आतून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या. खालचा होज बसकट नको. फेरे वाढले की आत ओढला जाऊन बंद होतो आणि गाडी फक्त हायवेला तापते. पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकते. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. ई२० मध्ये जुनं रबर फुगतं, पंपाचा पडदाही. प्लग पांढरेफटक दिसले तर मुख्य जेट एक माप मोठा करून बघा.

ब्रेक. चारही चाकांना ड्रम आणि सर्व्हो (ब्रेकचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) नाही, अशा गाडीत हे इंजिन टाकून घाटात जाणं चूक आहे. नंतरच्या ॲम्बॅसडरचे पुढचे डिस्क मिळाले तर घ्या, आणि सर्व्होसाठी व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डवरून काढा. हा खर्च इंजिनच्या खर्चातच धरायचा.

कागद मात्र इंजिन घेण्याआधी. आरसीवर इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही असतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि त्यावरचा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही अशा बदलाबाबत कडक आहेत. आरटीओत लेखी विचारा, उत्तर लेखीच घ्या, आणि भंगारवाल्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल. 'मग बघू' म्हणणारा विकणारा असेल तर बाहेर पडा. विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो.

पर्याय म्हणून १९९५ सीसीचं इसुझु डिझेल सुचवलं जातं. ते मजबूत आहे, पण आवाज आणि थरथर जुन्या बॉडीला सोसत नाही, टॅक्सीला ठीक. टोयोटाची जपानी डिझेल इंजिनं जीपला छान जमतात, इथे मात्र ॲडॉप्टर प्लेटपासून सुरुवात. आणि गाडी मार्क वन असेल, मूळ इंजिन नंबर जुळत असेल, तर हा सेट घेऊच नका. बीएमसीचंच बोअरिंग करून घ्या. नोव्हा किंवा मार्क फोर, बॉडी चांगली आणि इंजिन संपलेलं, अशा गाडीसाठी हा सेट पैसे वसूल करतो, ब्रॅकेटसकट मिळाला तर.

बसवल्यावर ५०० किमीला ऑइल बदला, फाउंडेशनचे आणि बेल हाऊसिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, प्रॉपेलर शाफ्टचे फ्लँज बोल्टही. स्पीडोमीटर चुकीचा दाखवेलच. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून फरक लिहून ठेवा.