आयएसआरसी कोड: वर्षभर वापरून झाल्यावर

परभणीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत भारुडं, भजनं, हलगी-संबळ आणि लग्नसराईची गाणी रेकॉर्ड होतात. गेल्या दिवाळीपासून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, लागतोय. त्याचा हा अनुभव.

आमच्या भागात नाथांचं एकच भारूड गावोगावची मंडळं आपापल्या ठेक्यात गातात. शब्द सोळाव्या शतकातले, त्यावर आज कुणाचाच हक्क नाही. चाल बहुतेक वेळा परंपरेची. मग मंडळाचं स्वतःचं उरतं काय? ते रेकॉर्डिंग. आणि कोड नेमका त्यालाच मिळतो, रचनेला नाही. रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी निराळा, अल्बमसाठी बारकोड निराळा. तेच भारूड त्याच मंडळानं पुढच्या वर्षी पुन्हा गायलं, की नवा कोड. रिमिक्सला नवा, व्हिडिओलाही वेगळा. नुसता आवाज थोडा वाढवला तर मात्र जुनाच चालतो. 'हलगी वादन' एवढंच नाव असलेले ढीगभर ट्रॅक असतात. त्यातला आपला कोणता, हे कोडवरूनच ठरतं.

कोड बारा अक्षर-अंकांचा. पहिली पाच म्हणजे प्रीफिक्स, कोड देणाऱ्याची ओळख; मग वर्षाचे दोन अंक, शेवटी पाच आकडी क्रमांक. एका प्रीफिक्सवर वर्षाला एक लाख रेकॉर्डिंग बसतात. आम्हाला सात जन्म पुरेल. वर्ष कोड दिल्याचं असतं, गाण्याचं नव्हे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गोंधळाच्या कोडात २५ बघून गोंधळी काका चांगलेच चिडले होते, "आमचं गाणं काय कालचं हाय का?"

जगभराची नोंदणी आयएफपीआय ही रेकॉर्ड कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना बघते. भारतात प्रीफिक्स इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. आम्ही मात्र वितरकाचेच, म्हणजे गाणी ऑनलाइन ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीचेच, कोड घेतले. ते 'क्यूझेड'ने सुरू होतात, म्हणजे अमेरिकेच्या वाट्याचे. परभणीच्या हलगीला अमेरिकेचा कोड, पण त्यानं मालकीत काही फरक पडत नाही. हा शेतीच्या गट नंबरासारखा प्रकार आहे: जमीन विकली तरी नंबर तोच, मालक कोण ते सातबाऱ्यावर बघायचं.

खरा उपयोग वितरक बदलताना कळला. आधीचा पैसे फार उशिरा द्यायचा. नव्याकडे जाताना जुने कोड हातानं भरले, फाइल तीच ठेवली, नावं अक्षरन्अक्षर तशीच लिहिली. ऐकल्याचे आकडे बहुतेक ठिकाणी टिकले. म्हणून वितरक पहिला कोड देतो तेव्हाच तो स्वतःकडे उतरवून ठेवा.

कोड म्हणजे कुलूप नाही, हे मंडळांना सांगून सांगून थकलो. कुणी मोबाइलवर तुमचं भजन रेकॉर्ड करून चढवलं, तर कोड त्याला अडवत नाही. यूट्यूबची कॉन्टेंट आयडी यंत्रणा चोरी पकडते ती आवाजाचा ठसा जुळवून, कोड वाचून नव्हे. त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते.

माझी मोठी तक्रार दुसरीच आहे. पुस्तकांच्या आयएसबीएनमध्ये शेवटचा अंक तपासणीचा असतो, एक आकडा चुकला की लगेच कळतं. इथं तशी सोय नाही. १९८६ पासूनच्या मानकात एवढं तरी हवं होतं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर ट्रॅकला दुसऱ्याच कुणाचा तरी कोड चिकटतो आणि ओरडणारं कुणी नसतं. आता अपलोडच्या आधी एकजण कोड मोठ्यानं वाचतो, दुसरा यादीवर खूण करतो.